अकाली गेलेल्या पायपरला मानवंदना : धून कुठली, ड्रम कसे झाकायचे, त्याच्या पाइप्सचं काय करायचं?

साइडड्रम_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या पाइप बँडमधला, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या बँडमधला, पायपर (बॅगपाइप वाजवणारा) गेल्या मे महिन्यात गेला. वय २३. पहिल्या रांगेत उजव्या टोकाला उभा राहायचा. नव्या पोरांना प्रॅक्टिस चँटरवर (सरावाची, बॅग नसलेली नळी) बोटं कशी टेकवायची हे तोच शिकवायचा. आज बँडमधल्या निम्म्या पायपरांची बोटं त्याच्या हाताखाली तयार झालेली आहेत. वर्षश्राद्ध घरचे करतायत. त्यानंतरच्या रविवारी विजापूर रोडवरच्या शाळेच्या मैदानावर बँडतर्फे मानवंदना द्यायचं ठरलंय. त्याच्या नावाला शोभेल असंच ते व्हायला पाहिजे, म्हणून जाणकारांना विचारतोय.

पायपर आता ९ आहेत, तो धरून १० होते. साइड ड्रम ४, टेनर ड्रम २, बेस ड्रम १ आणि ड्रम मेजर (पुढे चालून बँडला इशारे देणारा). आजवर आम्ही वाजवलं ते २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, शाळांची संचलनं, म्हणजे सगळं तेज चालीतलं. शोकधून कधी बसवलेलीच नाही. ती कुठली घ्यावी? ड्रमवर काळं कापड घालतात ते नुसतं दिसण्यासाठी की आवाजासाठी? त्याची जागा रिकामी ठेवायची तर चालताना ती कशी टिकवायची?

दुसरं त्याच्या पाइप्सबद्दल. आईवडिलांनी सेट बँडकडे दिलाय. शिसमाचे ड्रोन (एकच सूर अखंड देणाऱ्या नळ्या), चामड्याची बॅग, चँटर (बोटांनी धून वाजवायची भोकांची नळी) मात्र बँडमधल्या सगळ्यांसारखा काळ्या प्लॅस्टिकचा. वर्षभर पेटीत बंद होता. चँटरच्या डी आणि एफच्या भोकांवर त्याने लावलेली टेप जशीच्या तशी आहे, कडेला त्याच्या पेन्सिलची बारीक रेघसुद्धा. काहींना वाटतं सेट काचेच्या कपाटात ठेवावा, काहींना वाटतं मानवंदनेला कुणीतरी तोच वाजवावा. आणि मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

जुना_पायपर

भाऊ, वाचून फार वाईट वाटलं. २३ हे काय जायचं वय आहे. तुम्ही ठरवलंय ते नीट व्हावं म्हणून सविस्तर लिहितो.

धून निवडताना पहिली अडचण येते ती चँटरच्या नऊ सुरांची. लो जी पासून हाय ए पर्यंत, त्याच्या वर नाही, खाली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लो ए ला सा धरा. मग खालचा कोमल नि, सा, रे, ग, म, प, ध, कोमल नि आणि वरचा सां. खमाज थाटाचं सप्तक झालं. निरोपाचं काही वाजवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव भैरवीचं निघतं, पण भैरवीचे कोमल रे, ग, ध या चँटरवर सरळ बोटांनी मिळत नाहीत. आडवी बोटं घेऊन एखादा कोमल ग कसाबसा काढता येतो, पण नऊ जणांचा तो एकसारखा निघत नाही, आणि खालून ड्रोनचा सा अखंड चालू असल्यामुळे जरासा फरकही कानाला बोचतो. तेव्हा भैरवी सोडून द्या.

भूप आणि दुर्गा बिनधास्त चालतात. खमाज अंगाची साधी चाल चालते, फक्त शुद्ध नि घेऊ नका. ज्या चालीला मंद्रातले प, ध लागतात तिच्यासाठी डी ला, म्हणजे मघाच्या म ला, सा धरा. मग खालचे प, ध, नि हाताशी येतात आणि ड्रोन तुमचा पंचम होऊन बसतो. पहाडी याच पद्धतीने छान वाजते. गाणारेही ती मध्यमाला षड्ज मानून गातात.

दुसरी गोष्ट म्हणजे या वाद्याला थांबणं माहीत नाही. बॅगेत हवा आहे तोवर सूर चालूच, लहानमोठाही करता येत नाही. गळ्यातल्या चालीत एकच सूर दोन अक्षरांवर येतो तेव्हा मध्ये ग्रेस नोट (क्षणभराचा दुसरा सूर) टाकूनच तो तोडावा लागतो. म्हणून मींड आणि मुरक्या असलेलं भावगीत उचलू नका. सरळ पावलांची चाल घ्या. त्याच्या आईवडिलांच्या ओळखीची एखादी अभंगाची जुनी चाल नऊ सुरांत बसत असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

स्कॉटलंडच्या पायपरांची परंपरेने चालत आलेली शोकधून म्हणजे ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत पडलेल्यांसाठीची म्हणून ती ओळखली जाते. तिची एक शिस्त आहे, ती पाळा: अंत्ययात्रा किंवा स्मरणाचा कार्यक्रम सोडून ती चारचौघांत वाजवत नाहीत. सराव बंद खोलीत, प्रॅक्टिस चँटरवर. मैदानावर तालीम म्हणून तिचा पाइप्सवर घोळ घालू नका. बसवायची असेल तर एकट्या पायपरनेच वाजवावी. नऊ जणांनी मिळून वाजवली की तिच्या लांब सुरांवरच्या ग्रेस नोट एकमेकांवर आदळतात आणि सगळं भरड ऐकू येतं.

माझं मत विचाराल तर बँडने स्वतः एक छोटी धून बांधावी आणि तिला त्याचं नाव द्यावं. पाइपच्या दुनियेत गेलेल्या माणसाच्या नावाने धून बांधण्याची रीत फार जुनी आहे. आठ आवर्तनांचे दोन भाग पुरतात. दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या वजनात, भूपातला एक आराखडा उदाहरणादाखल देतो. आडवी रेघ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा:

सा – रे | ग – प | ध – प | ग – – | ग – प | सां – ध | प – ग | रे – –

दुसरा भाग वरच्या सां पासून सुरू करून खाली उतरवा आणि शेवटच्या दोन आवर्तनांत रे – नि | सा – – घ्या. हा नि खालचा, कोमल, म्हणजे लो जी. भूपात तो येत नाही, पण ड्रोनच्या सा ला घासून तो जो काही वाजतो त्याने पोटात कालवतं. म्हणून एकदाच, अगदी शेवटी. मिनिटाला ६० ठोके धरले तर एक भाग २४ सेकंदांचा. दोन्ही भाग दोन-दोनदा म्हणजे ९६ सेकंद. त्यापेक्षा लांब करू नका. नवशिक्या पायपरांचा बॅगेवरचा दाब दीड मिनिटानंतर डळमळतो.

मांडणी अशी करा. पहिल्यांदा एकटा पायपर. दुसऱ्यांदा सगळा बँड त्याला येऊन मिळतो. तिसऱ्यांदा पुन्हा तोच एकटा, बँड स्तब्ध, आणि तो वाजवत वाजवत चालत दूर निघून जातो. २०२२ साली लंडनला राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पाइप मेजर (पायपरांचा प्रमुख) पॉल बर्न्स असेच वाजवत आत आत निघून गेले होते. पाइपचा आवाज हाताने कमी करता येत नाही, तो कमी करायचा हा एकच मार्ग. मैदानात त्यासाठी त्याला शाळेच्या इमारतीआड जाऊ द्या. उघड्यावर साठ-सत्तर पावलं गेला तरी आवाज बराच राहतो, भिंत मध्ये आली की पडतो. आणि शेवट त्याने इमारतीमागेच करावा, म्हणजे पाइप बंद होतानाचा किंचाळा कुणाला ऐकू येणार नाही.

ठोका_ठाय

ड्रमचं मी सांगतो. कापड दोन्हीसाठी असतं, पण बहुतेक ठिकाणी नुसतं दिसण्याचं काम होतं आणि ड्रम नेहमीसारखा खणखणत राहतो. त्याने सगळा प्रसंगच बिघडतो.

साइड ड्रमखालच्या तारा खटका सोडून पूर्ण सैल करा. तारा सुटल्या की तडतड जाते आणि खाली नुसता पोकळ ठोका राहतो. वरच्या पानावर सुती कापडाची एक घडी पुरते. सॅटिन घेऊ नका, ते घसरतं आणि चकाकतं. आपल्याकडचा पातळ टेरी नॅपकिन उत्तम. चादरीचं जाड कापड घातलंत तर काठी उसळतच नाही, रोल (भरभर ठोक्यांची लड) मरतो. वरून काळं कापड गोल कापून रिंगणाखाली इलॅस्टिकने आवळा. बेसला ज्या बाजूने ठोका पडतो त्या पानाचा साधारण तिसरा हिस्सा टॉवेलने झाका, दुसरी बाजू मोकळी ठेवा. दोन्ही बाजू दाबल्या तर मैदानात बेस ऐकूच येत नाही आणि मागच्या रांगेची पावलं चुकतात. टेनरवाल्यांनी काठ्या फिरवायच्या नाहीत. ड्रम मेजरच्या मेसला (हातातल्या लांब दांड्याला) मुठीखाली काळी फीत, आणि मेस उंच फेकणं, फिरवणं बंद.

सुरुवातीचे रोल देऊ नका. ते तेज चालीचे. बेसचे दोन ठोके, तिसऱ्यावर पायपरांची बॅग दाबली जाईल, पाचव्यावर धून. हे दोन ठोके आणि मधला श्वास एवढंच रोज वेगळं घोटा. पायपरांतला एक जरी आधी सुटला तर त्याचा पहिला सूर, ई, सगळ्यांच्या आधी केकाटतो, आणि शांत प्रसंगात तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

धीम्या चालीत मिनिटाला साधारण ७० पावलं, तेज चालीत १२०. तुमच्या पोरांना १२० ची सवय, त्यामुळे धीम्या चालीत पाय हवेत थांबवताना तोल जाणार. ते आधी ड्रमशिवाय, नुसत्या मोजणीवर करा. दादऱ्याच्या वजनाची धून चालताना घेऊ नका. तीनचं वजन आणि दोन पाय, दर आवर्तनाला सम वेगळ्या पायावर पडते. तालमी झालेला बँड ते निभावतो, पहिल्यांदा करणारा नाही. प्रवेशाला चार-चारच्या वजनाची धीमी धून, आणि जुना_पायपर म्हणतात ती धून उभं राहून. पाऊल ७५ सेंटिमीटरचं धरलं तर चारच्या वजनाची १६ आवर्तनं म्हणजे ६४ पावलं, ४८ मीटर. मैदान आधी टेपने मोजा. थांबायची जागा आली आणि धून अर्ध्यात, असं झालं की पोरं जागेवर पावलं मारायला लागतात.

आता त्याच्या जागेचं. तो उजव्या टोकाला उभा राहायचा, इथेच खरी गोम आहे. टोकाची जागा रिकामी ठेवली तर बघणाऱ्याला ती रिकामी दिसतच नाही, रांग एकाने आखूड वाटते. शिवाय ‘दाहिने सज’, म्हणजे उजवीकडे बघून रांग सरळ करणं, त्याच्याकडे बघूनच व्हायचं. म्हणून पायपरांच्या पाच-पाचच्या दोन रांगा करा. पहिल्या रांगेत चार, दुसरीत पाच. दुसऱ्या रांगेतला उजव्या टोकाचा पायपर त्याच्या बरोबर मागे उभा असला की समोरची मोकळी जागा लांबूनही डोळ्यात भरते. सज आता उजवीकडून दुसऱ्या जागेवरच्या पायपरवर. त्याला स्पष्ट सांगून ठेवा की टोक तू नाहीस, तुझ्या उजव्या हाताला अजून एक माणूस आहे. चालताना दोघं चुकतात: हा दुसरा पायपर नकळत उजवीकडे सरकतो, आणि मागचा माणूस समोर कुणी नाही म्हणून पुढे ओढला जातो. तालमीत त्या जागी कुणाला तरी नुसतं चालवा. चार-पाच फेऱ्यांत अंतर अंगवळणी पडलं की त्याला काढा. थांबायच्या जागेवर चुन्याचे ठिपके दहाच्या दहा टाका, त्याचाही. काउंटर मार्च (उलट वळून मागे चालत येणं) करूच नका. वळताना ती मोकळी जागा आतल्या बाजूला येते आणि मिटते.

कातारी

मी पाइप्सचं लाकूडकाम आणि दुरुस्ती बघतो, म्हणून फक्त सेटबद्दल बोलतो.

वर्षभर बंद असलेला सेट पेटीतून काढून थेट तोंडाला लावू नका. बॅगेत, ब्लो-पाइपमध्ये (फुंकायची नळी), स्टॉकच्या (बॅगेला बांधलेल्या, नळ्या बसवायच्या लाकडी तोंडांच्या) आत ओल राहिलेली असते आणि तिथे बुरशी धरते. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ६१ वर्षांच्या पायपरची केस छापून आली होती. पाइप्समधल्या बुरशीने त्याची फुप्फुसं निकामी झाली आणि तो दगावला. मध्ये तीन महिने पाइप्सपासून लांब राहिला तेव्हा त्याला आराम पडला होता. तुमच्या मित्राशी याचा संबंध जोडत नाही, पण पुढे जो कुणी तो सेट घेईल त्याची काळजी घ्यायलाच हवी.

सगळं सुटं करा. सुटं करण्याआधी फोटो काढा: कुठला टेनर ड्रोन कुठल्या स्टॉकमध्ये, कुठला स्टॉक किती तिरका बांधलाय. ब्लो-पाइपचं तोंड प्लॅस्टिकचं, ते कोमट पाण्यात साबण घालून ब्रशने धुवा. लाकडाला पाणी लावायचं नाही. लाकडाच्या आतून कोरडं सुती फडकं दोरीने ओढा, पांढरी भुकटी दिसली तर फडकं बदलत राहा. मग बारीक ब्रशला बदाम तेलाचे दोन-तीन थेंब, आतून हलका हात, रात्रभर ठेवून सकाळी पुसून काढा. खोबरेल किंवा गोडेतेल नको, चिकट थर बसतो आणि धूळ धरतो. परदेशी महागडे सेट आफ्रिकन ब्लॅकवुडचे असतात, ते लाकूड इतकं घट्ट की तेल फारसं पीत नाही. शिसम पितं. पण पाजत बसू नका.

शिसमाला आपल्याकडची कोरडी हवा सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी सुकी होते की जोडांवरचा मेण लावलेला दोरा आकसतो आणि ड्रोनचा वरचा तुकडा वाजवता वाजवता खाली घसरतो. म्हणून पोरं दोरा भरमसाट गुंडाळतात. मग वाजवताना आतून वाफ लागते, दोरा फुगतो, बाहेरून लाकूड सुकलेलं, आणि चीर जाते. सर्वांत आधी ब्लो-पाइपच्या स्टॉकला, कारण तिथे ओल जास्त. नखाने चाचपून बघा, उभी केसासारखी रेघ लागली तर तो स्टॉक दुरुस्त झाल्याशिवाय वाजवू नका. जोड बोटांच्या ताकदीने फिरला पाहिजे, पण हलवला तर डुगडुगता कामा नये. त्याने गुंडाळलेला दोरा उपटून फेकू नका. सैल असेल तर त्याच्याच वरून नव्या दोऱ्याचे चार वेढे द्या, काम भागतं.

बॅग. चामडं वर्षभर सुकलं की घडीवर तडकतं. सगळ्या स्टॉकना बुचं मारून ब्लो-पाइपमधून टम्म फुगवा आणि काखेत दाबून धरा. मिनिटभर घट्ट राहिली तर ठीक. कोमट सीझनिंग (चामडं मऊ आणि हवाबंद ठेवणारं द्रव) ओतून, बाहेरून चोळून, जादाचं निथळून टाका. शिवणीतून फुसफुसत असेल तर बदला आणि सिंथेटिक बॅग घाला. वरचं कव्हर मात्र त्याचंच ठेवा. लोकांना दिसतं ते कव्हर, बॅग नव्हे.

आता कपाट की वाजवणं. काचेच्या कपाटात उभा ठेवलेला शिसमाचा सेट आपल्या हवेत काही उन्हाळ्यांत वाकतो आणि तडकतो, याबद्दल मला शंका नाही. लाकडाला श्वासाची थोडी ओल मिळत राहिली तर ते टिकतं. पण त्या टेपबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं, म्हणून एक मधला रस्ता सांगतो. ती टेप त्याच्या रीडला (चँटरमधली सूर काढणारी पत्ती) जुळवून लावलेली आहे. भोकाची वरची कड टेपने झाकली की तो सूर उतरतो. किती झाकायची हे रीड ठरवते. केनची रीड वर्षभरात सुकून मेलेली असणार. नवी घातली की डी आणि एफ सुराला येणार नाहीत आणि टेप हलवावीच लागेल. त्यापेक्षा त्याचा चँटर, त्याच्या रीडसह, टेपसह, तसाच झाकण लावून हवाबंद डब्यात जपा. प्लॅस्टिकला हवेचं भय नाही. काच हवीच असेल तर या एकट्या चँटरसाठी करा. बँडच्या मॉडेलचा नवा चँटर आणून त्याच्या ड्रोनच्या सेटला लावा आणि तो सेट बँडमध्ये वाजता ठेवा. पाइप बँडमध्ये सगळ्यांचे चँटर एकाच जोडीचे असावे लागतात, त्यामुळे नवा घेणं तसंही सोयीचं. धून वाजवणारी बोटं दुसऱ्याची असतील, पण खालचा सा त्याच्या ड्रोनचा असेल.

ड्रोनचे तीन तुकडे कधी वेगळे करू नका. दोन टेनर आणि बेस एकत्र कातलेले असतात, एक कुणाला, एक कुणाला असं आठवण म्हणून वाटून टाकलं की सेट संपला. नावाची पट्टी लाकडात खिळे मारून लावू नका, पेटीवर लावा.

तालीम_मैदान

दोनचार गोष्टी राहिल्या त्या सांगतो.

तिरंगा पाइप्सवर किंवा फोटोवर पांघरायचा नाही. ध्वजसंहितेनुसार तो मान शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधींना आहे. बँडचा बॅनर वापरा. स्कॉटिश पलटणींत बेस ड्रोनला लांबट पताका बांधतात, तशी त्याच्या नावाची करता येईल. युनिफॉर्मचं शिवणकाम आणि एम्ब्रॉयडरी तर आपल्या गावातच होते, बाहेर बघायला नको. कापड हलकं घ्या. जाड मखमल घेतली की वाऱ्याने बेस ड्रोन मागे ओढला जातो आणि खांद्यावरून घसरतो.

फुलांचा हार फोटोला घाला, पाइप्सना नको. ओल्या हाराचं पाणी ड्रोनच्या तोंडातून आत जातं, झेंडूचा डाग कव्हरवरून निघत नाही, हळदीकुंकू ड्रोनवरच्या पांढऱ्या मण्यांत कायमचं बसतं. टेबलावर सोलापुरी चादर अंथरून चँटर आडवा ठेवा, समई हातभर लांब.

वेळ सकाळी ६:३० ची घ्या. रात्री १० ते सकाळी ६ वाजवायला मनाई आहेच, आणि दवाखाने, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. शाळेच्या मैदानाचं शाळेकडून लेखी घ्या; रस्त्यावरून चालत येणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. सकाळी का, तर ८ नंतर ऊन चढलं की काळ्या चँटरला चटका बसतो, सूर चढतो आणि चँटर ड्रोनपेक्षा जास्त चढतो. सावलीत जुळवलेला बँड उन्हात आला की पाच मिनिटांत फाटतो. किल्ट आणि लोकरी मोजे घालून स्तब्ध उभी राहिलेली पोरं चक्कर येऊन पडतात. गुडघे ताठ आवळून उभं राहू नका, बुटात बोटं हलवत राहा, आणि आदल्या रात्रीपासून पाणी प्या.

साइडड्रम_सोलापूर

दादा लोकांनो, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, आज तालमीत हे सगळं वाचून दाखवलं. कातारी दादांचं चँटरचं म्हणणं सगळ्यांना पटलं. काल त्याच्या घरी जाऊन विचारलं, त्याची आई म्हणाली ड्रोन वाजू देत. त्याने शिकवलेली एक मुलगी आहे, नववीतली, तिने ते वाजवावेत असं ठरतंय. हात लहान आहे. अजून दोन शंका: त्याचे वडील भजनी मंडळात आहेत, मंडळी पेटीवर एक अभंग म्हणणार आहेत. पाइप्स त्यांच्या साथीला घेता येतील का? आणि भाषणं मध्ये ठेवली तर चालतील का?

कातारी

मुलीसाठी बॅग लहान मापाची घ्या. मोठी बॅग काखेत मावत नाही, कोपर वर उचललं जातं आणि दाब सुटतो. ब्लो-पाइपही आखूड लागेल. त्याचा मूळचा कापू नका, नवा आखूड करून घ्या, मूळचा पेटीत ठेवा. चँटरच्या भोकांचं अंतर बदलत नाही, पण पाइपला बोटांची टोकं नाही, मधली पेरं टेकवायची असतात, त्यामुळे नववीच्या मुलीचा हात पुरतो. सुरुवातीला एक टेनर आणि बेस बुचाने बंद करून एकाच ड्रोनवर वाजवू द्या. हवा कमी लागते. दाब स्थिर झाला की दुसरा टेनर, मग बेस. ड्रोनच्या रीड सिंथेटिक घाला, आपल्या सुक्या हवेत केनच्या रीडची जीभ बंद पडते. चँटरची रीड मऊ बघून द्या. सनई-सुंदरीवाल्यांना विचारा, पत्ती किती कडक चालेल हे ते ओठाला लावून सांगतात.

जुना_पायपर

पेटीबरोबर पाइप्स घेऊ नका. पाइपचा लो ए म्हणायला ए, पण वाजतो साधारण ४७० ते ४८० हर्ट्झला. पेटीची काळी पाच ४६६ च्या आसपास. जवळ वाटतं, पण एकत्र वाजलं की दोन्ही बेसूर ऐकू येतात, आणि पेटीचा सूर काही हलवता येत नाही. शिवाय पाइपचा ग आणि ध गळ्यासारखा शुद्ध असतो, पेटीपेक्षा किंचित उतरलेला. आवाजाचं तर विचारूच नका, जवळून १०० डेसिबलच्या पुढे, मंडळींचा एक शब्द ऐकू येणार नाही. वडिलांचा अभंग आधी, पूर्ण, निवांत होऊ दे. तीच चाल पाइपच्या सुरांत बसत असेल तर त्यानंतर एकट्या पायपरने वाजवावी.

भाषणं सगळ्यात आधी संपवा, पाइप्स वाजायच्या आधी. जुळवलेला पाइप दहा मिनिटं थंड पडला की रीड सुकते, ड्रोन सरकतात आणि परत लावावे लागतात. तेव्हा बँडने ६ वाजल्यानंतर इमारतीमागे पंधरा-वीस मिनिटं वाजवून तापवून घ्यायचं. पाइप मेजरचा लो ए ट्यूनरवर बघा, त्या आकड्यावर बाकी आठ जण. रीड आत सारली की सूर चढतो, बाहेर काढली की उतरतो. हाय ए आणि लो ए जुळेपर्यंत रीडच हलवा, मग उरलेल्या सुरांना टेप. ड्रोन सर्वांत शेवटी, एका वेळी एक. समोर भाषणं आणि अभंग चालू असताना पाइप्स सावलीत, चँटर काढून त्याच्या स्टॉकला बुच लावून. अभंगाच्या शेवटच्या कडव्याला चँटर परत लावायचा, लांब जाऊन एकेकाने दहा सेकंद वाजवून बघायचं आणि रांग धरायची.

त्या मुलीला दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला उभी करा. आणि मानवंदनेपर्यंत तिचा दाब तिन्ही ड्रोनवर स्थिर झाला नाही, तर एक टेनर आणि बेस एवढ्यावरच वाजवू द्या. बेस मात्र बंद ठेवू नका.